राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने

सामाईक स्थावर मिळकतीतला आपला हिस्सा एका सहहिस्सेदाराने दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या लाभात कायमचा सोडून दिल्याचा लेखी व नोंदणीकृत दस्त म्हणजे हक्कसोडपत्र, अशी व्याख्या कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत सापडते. बिदर आणि कलबुर्गी ह्या कर्नाटकाच्या सीमेवरील जिल्ह्यांतल्या मराठी घरांत मात्र ही व्याख्या फार लांबलचक समजली जाते आणि तिच्या जागी "बहिणींच्या सह्या" एवढे दोनच शब्द वापरले जातात. भालकीच्या किंवा आळंदच्या बाजारात एकाने दुसऱ्याला "सह्या झाल्या का?" असे विचारले, तर कोणाच्या, कशावर आणि कोणाच्या नावे, हे उपप्रश्न काढण्याची गरज कोणालाच भासत नाही. भावांच्या सह्या होत नसतात. भावांची वाटणी होते. पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीस असलेला भाऊ गावाकडच्या चार एकरांबद्दल "बघू पुढं" असे म्हणतो तेव्हा ते "बघू" पूर्ण मालकीचे लक्षण मानले जाते. तेच "बघू" बहिणीच्या तोंडून निघाले की दाजींनी तिला शिकवून पाठवले आहे, असा निष्कर्ष ओसरीवर एकमताने निघतो.

ह्या दस्ताला नावे पुष्कळ आहेत, कारण ह्या मुलखात कागदाची भाषा घरातल्या भाषेहून बहुधा निराळीच राहिलेली आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात, म्हणजे १९४८ पर्यंत, दफ्तराची भाषा उर्दू होती आणि उर्दूत हक्क सोडण्याला दस्तबरदारी म्हणतात. दस्त म्हणजे हात आणि दस्तबरदार होणे म्हणजे एखाद्या वस्तूवरून हात उचलून घेणे, म्हणजे जी क्रिया पंगतीत पोट भरल्यावर करावयाची ती येथे पान वाढण्याआधीच उरकावी लागते. जुन्या मराठी कागदांत ह्यासाठी फारखत हा शब्द होता, परंतु पुढे त्याची फारकत होऊन तो नवराबायकोच्या काडीमोडाकडे निघून गेला आणि भावाबहिणींना दुसरा शब्द शोधावा लागला. आजचे दस्त कन्नडमध्ये लिहिले जातात आणि कन्नडमध्ये ह्या दस्ताचे नाव हक्कु खुलासे पत्र असे आहे. कन्नडमध्ये खुलासे म्हणजे सुटका, आरोपीची न्यायालयातून होते तशी. मराठीत खुलासा म्हणजे उलगडा. त्यामुळे "खुलाशाच्या कागदावर सही करायची हाय" असा निरोप मिळालेल्या, कन्नड न वाचणाऱ्या बहिणीला आता इतक्या वर्षांनी वडिलांच्या शेताचा काहीतरी खुलासा होणार असे वाटले, तर तो तिच्या आकलनाचा दोष मानता येत नाही. (मृत्युपत्राला कन्नडमध्ये मरणशासन असाही शब्द आहे, त्या मानाने खुलासा मराठी कानाला सौम्यच लागतो.)

अमेरिकेत ह्याच जातीचा क्विटक्लेम डीड नावाचा दस्त असून त्यात लिहून देणारा एवढेच म्हणतो की, ह्या मिळकतीत आपला जो काही हक्क असेल तो आपण सोडला, आणि तो असेलच ह्याची मात्र हमी नाही. घटस्फोटात घर एकाच्या नावे करताना किंवा आईबापांनी घर मुलांच्या नावे करताना तो तिकडे सर्रास वापरला जातो आणि पुष्कळ लोक त्याला चुकून क्विक क्लेम, म्हणजे झटपट दावा, असे म्हणतात. ही चूक बिदरमध्ये झाली असती तर तिला चूक कोणी म्हटले नसते, कारण घाई हा येथल्या दस्ताचा पाया आहे. अमेरिकी दस्त कोणाच्याही नावे करून देता येतो, भारतीय हक्कसोडपत्र मात्र सहहिस्सेदाराच्याच लाभात होते; त्रयस्थाला द्यायचे झाल्यास ते बक्षीसपत्र ठरते, पैसे घेऊन दिल्यास खरेदीखत. दुसरा फरक अधिक मार्मिक आहे. नुसत्या आशेवर पाणी सोडता येत नाही, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ६ सांगते, म्हणजे भावी वारसाला वारसा मिळण्याची जी आशा असते ती हस्तांतर करण्याजोगी वस्तूच नव्हे. सबब वडील चांगले हिंडतेफिरते असताना त्यांच्या स्वकष्टार्जित घराबद्दल "आत्ताच सही करून ठेव, पुन्हा खेटे नकोत" असे म्हणून घेतलेली सही ही केवळ हस्ताक्षराचा नमुना होय.

सोडण्यासाठी आधी हक्क असावा लागतो, ही अट दिसते तितकी साधी नाही. तो हक्क माणसाला नेमका केव्हा मिळतो हा प्रश्न हिंदू धर्मशास्त्रात फार खोलवर गेलेला असून त्याचे सर्वांत प्रभावी उत्तर अन्य कुठे नव्हे तर ह्याच बिदर जिल्ह्यात लिहिले गेले, हे भालकीतल्या किंवा हुमनाबादेतल्या सह्या घेणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. कल्याणी चालुक्यांपैकी सहावा विक्रमादित्य १०७६ ते ११२६ ह्या काळात ज्या कल्याण नगरीत राज्य करीत होता तीच आजचे बसवकल्याण, आणि त्याच्या आश्रयाला असलेल्या विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. विज्ञानेश्वराचे गाव म्हणून कलबुर्गी जिल्ह्यातले मर्तूर दाखवतात, म्हणजे ह्या प्रकरणात दोन्ही जिल्ह्यांचा सामाईक हिस्सा आहे. मिताक्षरा ह्या नावाचा अर्थ मोजक्या अक्षरांची असा होतो. त्या मोजक्या अक्षरांवर पुढे मुंबईपासून मद्रासपर्यंतच्या न्यायालयांत नि इंग्लंडच्या प्रिव्ही कौन्सिलातही जी अक्षरे खर्ची पडली त्यांची मोजदाद कोणी केलेली नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हिस्सा मिळतो, हा त्या ग्रंथाचा गाभा. बंगालमध्ये जीमूतवाहनाच्या दायभागाप्रमाणे बाप वारल्यावरच मुलाचा हक्क उत्पन्न होई, त्यामुळे बंगाली मुलाला निदान वाट पाहण्याची सवय लागे. कल्याणच्या पंथातल्या मुलाचा मात्र बारशाआधीच, म्हणजे नाव नसतानाच, सातबारावर डोळा ठेवण्याचा अधिकार शास्त्रसंमत झाला.

येथवर मुलांची गोष्ट झाली. बहिणीविषयी याज्ञवल्क्याने असे म्हटले होते की बापामागे राहिलेल्या अविवाहित बहिणींचे लग्नसंस्कार भावांनी आपापल्या हिश्श्यातला चतुर्थांश देऊन करावेत, आणि ह्या वचनाचा अर्थ काही पंडितांनी असा काढला की चतुर्थांश वगैरे काही नव्हे, लग्नाला लागेल तेवढा खर्च केला म्हणजे भाऊ मोकळे. विज्ञानेश्वराने हा अर्थ मान्य केला नाही. ती मुलगा असती तर तिला जेवढा हिस्सा मिळाला असता त्याचा चौथा भाग हा तिचा हिस्साच होय, लग्नखर्चाचे दुसरे नाव नव्हे, असे त्याने आग्रहाने मांडले; महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात ह्या वादाची साधकबाधक चर्चा केलेली आहे. आता ह्या मुलखातल्या कोणत्याही ओसरीवर सह्यांचा विषय निघाला की भावाकडून पहिला मुद्दा "तिच्या लग्नात काय कमी खर्च झाला काय?" हाच येतो, दुसरा मुद्दा त्या खर्चासाठी काढलेल्या कर्जाचा असतो आणि तिसरा मंडपवाल्याचा. थोडक्यात, भावाचे हे अपील शेजारच्या तालुक्यात सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच फेटाळले गेलेले असून त्या निकालाची प्रत भालकीला अद्याप पोचलेली नाही.

प्रत पोचवण्याचे काम विधिमंडळांनी मागच्या शतकात हाती घेतले. १७ जून १९५६ रोजी अमलात आलेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने, मृत्युपत्र न करता वारलेल्या बापाच्या हिश्श्यात मुलीला मुलाच्या बरोबरीची वारस केले, पण जन्मतःचा हक्क मुलांकडेच ठेवला. कर्नाटकात १९९४ च्या जुलैअखेर अमलात आलेल्या दुरुस्तीने मुलींनाही सहदायाद केले. सहदायाद म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्माबरोबर हिस्सा घेऊन येणारी व्यक्ती. मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या, त्यामुळे मोठीचे लग्न त्या वर्षीच्या मे महिन्यात आणि धाकटीचे पुढच्या मे महिन्यात झालेल्या घरात एकाच आईच्या दोघींपैकी एक बिनहक्काची आणि एक हक्काची निघे, आणि ट्रंकेच्या तळाशी पडलेल्या लग्नपत्रिकेला पुराव्याचे मोल येई. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद घालवला. तरी त्या तारखेला बाप जिवंत असायला हवा की नको ह्यावर कर्नाटकातूनच गेलेल्या प्रकाश विरुद्ध फुलवती (२०१५) आणि दानम्मा विरुद्ध अमर (२०१८) ह्या दोन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाचे सूर जुळले नाहीत, आणि अखेर विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा ह्या खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायमूर्तींनी मुलीचा हक्क जन्माचाच आहे, बापाच्या हयातीशी त्याचा संबंध नाही, असे ठरवले. त्याच निकालाने नुसत्या तोंडी वाटणीची सबबही जवळजवळ मोडीत काढली, ज्यामुळे "आमची वाटणी आबा असतानाच झालेली हाय, तोंडी" असे सांगणाऱ्या आणि ती वाटणी कोणत्या साली झाली ह्यावर आपसात मतभेद असलेल्या भावांची मोठी पंचाईत झाली.

ह्या साऱ्या प्रगतीचा तात्काळ लाभ कोणाला झाला, हे पाहणे उद्बोधक आहे. नऊ शतके बहिणीकडे सोडण्याजोगे फारसे काही नव्हते, त्यामुळे तिच्याकडून सोडून घेण्याचे कारणही नव्हते. कायद्याने तिच्या पदरात हक्क टाकला आणि तो पदर झटकून घेण्यासाठी दस्त लागू लागला. जन्मतःचा हक्क ही कल्पना कल्याणात जन्मली आणि तो चहा संपण्याच्या आत सोडवून घेण्याची कला त्याच कल्याणाच्या पंचक्रोशीत वाढली, ह्या योगायोगाची नोंद इतिहासकारांनी घ्यायला हरकत नाही. पूर्वी ह्याच प्रश्नावर आणखी एक उपाय होता. आत्याच्या मुलीला मामाच्या घरात सून करून आणली, किंवा ह्या भागात रूढ असल्याप्रमाणे थेट मामानेच भाचीशी लग्न केले, की बहिणीचा हिस्सा मुद्रांक शुल्काविना माहेरी परत येई. ह्या पद्धतीत दस्तलेखकाला काम नसे, फक्त भटजीला असे.

प्रत्यक्ष विधीची सुरुवात नागपंचमीच्या सुमारास होते. कलबुर्गी-बिदरकडे पंचमी हा दिवाळीच्या तोडीचा माहेरपणाचा सण असून झोका, लाह्या आणि भावाने स्वतः येऊन नेणे ही त्याची अंगे होत. ज्या वर्षी भाऊ फोन न करता स्वतः येतो, येताना भाचरांना खाऊ आणतो आणि दाजींना "तुम्ही पण चला" असे म्हणतो, त्या वर्षी शहाण्या बहिणीने आधारकार्ड पर्समध्ये आहे की नाही हे निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे. कर्नाटकात राहणाऱ्या बहिणीला आणण्याचा खर्च आता नाही, कारण ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली राज्यातल्या स्त्रियांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. उदगीर किंवा निलंग्याला दिलेल्या बहिणीला एस.टी.त अर्धे तिकीट लागते, तेही महाराष्ट्राच्या हद्दीपुरते. दोन राज्यांची सरकारे हक्कसोडीच्या कामाला अशी नकळत हातभार लावत आहेत. परदेशी असलेल्या बहिणीचा मार्ग लांबचा आहे: तिला भारतीय दूतावासात जाऊन मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने सही करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, साक्षांकित करावा लागतो, तो भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, आणि अधिकार ज्याला द्यायचा तो विश्वासू माणूस शोधता शोधता शेवटी तो भाऊच निघतो.

उपनिबंधक कार्यालयाच्या बाहेर, लिंबाखाली किंवा झेरॉक्सच्या दुकानात, दस्तलेखक बसतो, ज्याला ह्या भागात बाँड रायटर म्हणतात. बाँड रायटर हा त्रैभाषिक मनुष्य असतो: कन्नडमध्ये टाईप करतो, दखनीत भावाशी पैशाचे बोलतो आणि मराठीत बहिणीला वाचून दाखवतो. वाचून दाखवण्याची त्याची पद्धत अशी की दस्ताच्या पहिल्या पानावरची नावे, वये, व्यवसाय आणि गावे तो सावकाश व मोठ्याने वाचतो, चतुःसीमा, म्हणजे पूर्वेला कोणाचे शेत आणि पश्चिमेला कोणता ओढा, त्याही नीट सांगतो, कारण त्या तिला पाठच असतात आणि ऐकून तिचा विश्वास बसतो. आणि जिथे "आजपासून माझा अथवा माझ्या वारसांचा कोणत्याही प्रकारचा हक्क, हितसंबंध राहिला नाही" हे वाक्य येते तिथे त्याला खोकला येतो. मग "बाकी नेहमीचंच हाय अक्का" असे म्हणून तो पान उलटतो. ह्या "नेहमीचंच" मध्ये दोन एकर वीस गुंठे असतात.

सीमेपलीकडच्या मराठी दस्तांत ह्या ठिकाणी एक ठरीव वाक्य असते आणि कन्नड दस्त तेच आपल्या शब्दांत म्हणतो: कोणाच्याही दाबदडपणाविना, राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले. किराणा घेताना, लग्न करताना, निवडणुकीला उभे राहताना माणसाला आपण शुद्धीवर असल्याचे लिहून द्यावे लागत नाही. फक्त फुकट काही देताना लागते, ह्यावरून फुकट देण्याविषयी व्यवहाराचे मत काय आहे ते दिसून येते. गंमत अशी की निबंधकाला ही खुशी तपासण्याचे काम कायद्याने दिलेलेच नाही. नोंदणी कायद्याची कलमे ३४ आणि ३५ त्याला एवढेच विचारायला सांगतात की हा दस्त तुम्हीच करून दिला आहे का; "हो" म्हटले की झाले. राजी कोण आणि खुशी कोणाची, हा विषय दस्तातच राहतो.

त्याहून मोठे गूढ मोबदल्याच्या रकान्यात आहे. मोबदला, म्हणजे दिलेल्या हक्काच्या बदल्यात मिळालेली वस्तू, बहुतेक दस्तांत "नाही" असा असतो व कारण म्हणून "नैसर्गिक प्रेम व आपुलकी" लिहिली जाते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५ ने जवळच्या नातलगांमधल्या प्रेमापोटी दिलेले वचन मोबदल्याविनाही वैध मानले आहे, मात्र प्रेम लेखी आणि नोंदणीकृत असले पाहिजे. दस्तातली बाकीची सगळी वाक्ये, अगदी अक्कलहुशारीसुद्धा, कदाचित खरी असतील. "मोबदला नाही" हे एक वाक्य मात्र उघड खोटे आहे. तिला मोबदला मिळतो, फक्त तो मुद्रांक शुल्काला पात्र नसतो: पंचमीचे आणि दिवाळीचे बोलावणे, भाऊबीजेची साडी, मुलीच्या लग्नात मामाचा आहेर आणि मामा म्हणून पाटापाशी उभा राहणारा माणूस, सासरी भांडण झाले तर पिशवी घेऊन जाण्याची एक जागा, आणि उंबऱ्यात पाऊल टाकताच वहिनीने "या वन्सं" म्हणण्याची बऱ्यापैकी शाश्वती. सही न करणाऱ्या बहिणीचे काय होते हे तिने आपल्याच आत्याच्या बाबतीत पाहिलेले असते. माहेर ही वस्तू बाजारात कुठे विकत मिळत नसल्यामुळे तिचा भाव काढणे कठीण आहे. तरी बिदरच्या काळ्या जमिनीचा एकरी भाव पाहता ती ह्या देशातल्या महागड्या वस्तूंपैकी असावी.

सरकारला हे ठाऊक असावे, कारण कुटुंबातल्या कुटुंबात होणाऱ्या हक्कसोडीला कर्नाटकात मिळकतीच्या बाजारभावावर टक्केवारी न लावता ठरीव रकमेचे मुद्रांक शुल्क घेतात. महाराष्ट्रात वडिलोपार्जित मिळकतीच्या अशा दस्ताला २०० रुपये पुरत, ते २०२४ पासून ५०० झाले. इतक्या स्वस्तात हल्ली भाऊबीजेची साडीसुद्धा येत नाही.

संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर बहिणीला बसवतात. पदर डोक्यावर घ्यायचा की नाही ह्यावर क्षणभर चर्चा होते, भाऊ मागून "इकडं बघ अक्का" म्हणतो, फोटो निघतो, मग डाव्या हाताचा अंगठा यंत्रावर टेकवायचा. शेतात आणि चुलीपाशी आयुष्य गेलेल्या बाईचा ठसा यंत्र सहजी ओळखत नाही; अंगठा पुसतात, ओला करतात, पुन्हा टेकवतात, आणि ज्या रेघा त्याच शेताच्या खुरपणीत झिजल्या त्या उमटत नाहीत म्हणून भावाच्या कपाळावर घाम येतो. चौथ्या खेपेला ठसा उमटला की सगळ्यांना हायसे वाटते, तिलासुद्धा.

पुढचे काम गणिताचे असून तेही मौजेचे आहे. समजा, वडिलांनी स्वतः घेतलेली ५ एकर जमीन असून मागे आई, दोन मुलगे आणि दोन मुली आहेत, म्हणजे पाच वारस आणि प्रत्येकी एक एकर; इतके सरळ गणित कोणत्याही कुटुंबाला आवडत नाही. दोघी बहिणींनी उरलेल्या तिघांच्या लाभात हक्क सोडले की २०० गुंठ्यांचे तीन भाग करावे लागतात. कर्नाटकाच्या पहाणीत, म्हणजे पीक व हक्कांच्या उताऱ्यात, जमीन एकर, गुंठे आणि आण्यांत मोजतात: ४० गुंठ्यांचा एकर, १६ आण्यांचा गुंठा. रुपयातला आणा १९५७ मध्ये गेला, जमिनीतला राहिला. तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला १ एकर २६ गुंठे १० आणे येऊन शिवाय दोन तृतीयांश आणा उरतो. एक आणा म्हणजे सुमारे ६८ चौरस फूट. त्यात बैलगाडी उभी राहू शकते, पण बैल शेजाऱ्याच्या रानात उभे करावे लागतात. दोन्ही एकर बहिणींनी विनातक्रार सोडल्यानंतर ह्या दोन तृतीयांश आण्यावरून दोघे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. भूमी नावाच्या प्रकल्पाने कर्नाटकातल्या पहाण्या २००० सालापासून संगणकावर आणल्या आहेत आणि संगणक अपूर्णांकांना भीत नाही, हीच काय ती सोय.

वाटणीचा विषय निघालाच आहे तर खुद्द बिदर जिल्ह्याच्या वाटणीचाही उल्लेख करायला हवा. ज्या १९५६ साली हिंदू उत्तराधिकार कायदा आला त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे पडले: उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याला, झहीराबाद व नारायणखेडकडचा भाग आंध्राला आणि बाकीचा, भालकी-बसवकल्याणसह, म्हैसूरला. तेव्हापासून महाराष्ट्राने आपल्या हिश्श्यावर सही केलेली नाही. ह्या सीमावादावर १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला, तो महाराष्ट्राला मान्य झाला नाही. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि बेळगाव, कारवार, बिदर व कलबुर्गी मिळून ८६५ गावांवर त्याचा दावा आजही सांगितला जातो. जे काम एक आयोग आणि इतकी मंत्रिमंडळे ह्यांना जमले नाही ते ह्या गावांतला एखादा मध्यम कुवतीचा थोरला भाऊ पंचमीच्या दोन दिवसांत उरकतो, ह्यावरून प्रशासनाने काही धडा घ्यावा की काय हे सांगता येत नाही. एवढे खरे की महाराष्ट्राला कोणी पंचमीला बोलावलेले नाही.

काही भाऊ घाईत आणखी एक चूक करतात. शंभर रुपयांचा बाँड घ्यावा, त्यावर चार ओळी लिहाव्यात, नोटरीचा लाल शिक्का मारावा आणि तो कागद देव्हाऱ्यामागे ठेवावा, म्हणजे काम पक्के झाले, असा समज सर्वत्र दृढ आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावरातला हक्क नष्ट करणारा दस्त नोंदणीकृतच असावा लागतो, आणि लिहिल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला हजर करावा लागतो. नोटरी फक्त सही ओळखतो, हक्क मारू शकत नाही. शंभराची ही मर्यादा शतकभरात बदललेली नाही. कलबुर्गी हे तुरीचे कोठार, तिथल्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या कोठारातसुद्धा आज शंभर रुपयांत किलोभर डाळ मिळाली तर नशीब, तेव्हा डाळीच्या पुडीहून मोठ्या कोणत्याही जमिनीला हे कलम लागू पडते असे समजायला हरकत नाही. बिननोंदणीच्या अशा कागदांमुळे सह्या केलेल्या कित्येक बहिणी कायद्याने अजून मालकच आहेत. फरक इतकाच की हे त्यांनाही माहीत नसते आणि भावांनाही नसते, आणि दोघांच्या अज्ञानावर घर सुखात चालते. उलट नोंदणी झालेला दस्त मागे घेता येत नाही. फसवून घेतला असेल तर तो रद्द करून मागण्यास फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. ही तीन वर्षे बहुधा दोन पंचम्या, तीन दिवाळ्या आणि "कशाला भावाला कोर्टात उभं करायचं" ह्या वाक्यात निघून जातात.

मार्गशीर्ष अमावास्येला बिदर-कलबुर्गीकडे आणि पलीकडे लातूर-धाराशिवकडे येळवस असते. त्या दिवशी गाव ओस पडते आणि सगळे जण रानात जातात. कडब्याची खोप करून तिच्यात दगडांचे पांडव मांडतात, आंबील शिंपडतात, आणि भज्जी, आंबील व उंड्यांचे जेवण शेतातच होते. हक्क सोडलेली बहीणही आलेली असते, कारण तिला आग्रहाचे बोलावणे असते, आणि ज्या सर्व्हे नंबरच्या पहाणीतून तिचे नाव आताच कमी झाले त्याच्याच बांधावर ती भाचरांना जेवू घालते. उन्हे कलताना ती हरभऱ्याचा डहाळा उपटू लागते, एक पेंढी, दुसरी पेंढी, आणि मग कोणी पाहते आहे का असे वाटून थांबते, तेव्हा भाऊ खोपेतूनच ओरडतो, "घे की अक्का, अजून घे, शेत तुझंच हाय!" तो हे अगदी मनापासून, राजीखुशीने, दोन साक्षीदारांच्या देखत म्हणतो, पण विधान तोंडी असून मिळकत शंभर रुपयांवरची असल्यामुळे कलम १७ पुढे त्याचा काही उपयोग होत नाही, आणि ती डहाळ्याच्या तीन पेंढ्या बांधून बसच्या वेळेला निघते.